गुहेतलं पाणी

बापक,

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर ते तुम्हाला दादाच वाचून दाखवेल, आणि माझं रडणं त्याला कळायला नको.

दर ईदला तुम्ही कमरेला दोर बांधून चुनखडीच्या गुहेत उतरायचात आणि झऱ्याचं पाणी माझ्या कॅनमध्ये भरायचात. "आम्ही टँकरची वाट बघतो आणि ही आमची लेक पाणी फोडते," म्हणून हसायचात. योग्या शहरात परतले की मी ते बेसिनमध्ये ओतून द्यायचे. आमच्या प्रयोगशाळेत शुद्ध पाणीच चालतं.

हिरवं पान उन्हात पाणी फोडून त्यातला प्राणवायू मोकळा करतं, तसंच करणारा थर मी काचेवर चढवते. तीन वर्षं तो संध्याकाळपर्यंत मरायचा. मागच्या आठवड्यात शुद्ध पाणी संपलं, म्हणून आळसानं कॅनमध्ये ओतायच्या राहिलेल्या तुमच्याच पाण्यात काच धुतली. आज नववा दिवस. खिडकीतल्या उन्हात बुडबुडे अजून वर येताहेत, झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखे, आणि मी नुसती बघत बसते.

सरांनी विचारलं, "काय घातलंस गं?"

"चुन्याचा अंश," मी म्हटलं. "पानातही असतो."

तो कुणी आणला, ते माझ्याच्यानं सांगवलं नाही.

तुमचे गुडघे दुखतात, दादानं कळवलंय. या ईदला दोर तुम्ही धरा, मी उतरते.

तुमची लेक,
राहाजेंग