राजाच्या तोंडाच्या नोटा

४ फेब्रुवारी

आज पुन्हा तो नोटांचा दलाल आला, हातमोज्यांवाला. हातात केळी. आजारी माणसाला बघायला आलो म्हणाला आणि नजर सरळ आतल्या खोलीच्या कुलपावर. केळी काळी पडलेली. मी त्याच्यादेखत कचऱ्यात टाकली. तो हसला. लाज नावाची वस्तू त्याच्या दुकानात मिळत नाही.

आमच्या ह्यांनी जमवलेल्या जुन्या नोटांना हात लावायचा तर म्हणे पांढरे हातमोजे हवेत. आधी बोटाने नाक साफ केलं, मग हातमोजे चढवले. शेंबूड आत, नोट बाहेर — झाली स्वच्छता! मला जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी

ही नातीची अर्धी उरलेली वही. बोलवणारी मुलगी म्हणाली, आजी, तुम्ही दिवसभर धुसफुसत असता, कागदावर तरी उतरवा. चौथीपर्यंत शिकले, त्यातही तिसरी दोनदा. पण लिहिते. वाचायला कोण येतंय?

बोलवणारी मुलगी म्हणजे ह्यांना बोलायला शिकवायला दवाखान्यातून येते ती. आमच्या ह्यांना झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं म्हणे, पण शब्द सापडत नाहीत. एकच शब्द शिल्लक राहिलाय — हो. भूक लागली? हो. जेवलात? हो. काल मी विचारलं, तुम्ही बाई आहात का? हो. मला हसू आलं, मग माझीच मला किळस आली.

आणि हा कोण माणूस? जन्मभर ज्याच्या तोंडात 'नाही'शिवाय शब्द नव्हता तो. जरा बाहेर फिरून येऊ — नाही. पातेली फुटकी झालीत, नवी घेऊ — नाही. नोटा विकायला लोक यायचे त्यांनाही तेच. नोट घ्यायची, कानाशी धरून हलवायची, 'नाही' म्हणून परत द्यायची. कारण विचारलं की अजून एकदा नाही. चाळीस वर्षं त्या एका शब्दाने माझं डोकं किसलं.

८ फेब्रुवारी

ह्या नोटा कुठल्या ते लिहून ठेवते. नाहीतर नातीला वाटायचं आजोबांनी केवढा खजिना जमवला.

आम्ही दोघं ज्या मुलखात जन्मलो तो तेव्हा गोऱ्यांच्या ताब्यात होता. आता तिथे दुसरं नाव, दुसरा झेंडा. नोटेवर त्यांचा राजा असायचा. केस चापूनचोपून बसवलेले, मान वळवलेली, आपल्याकडे बघायचं नाही असं ठरवून बसलेला. माझा बाप गोदीत पोती वाहायचा. हप्ता ह्याच नोटांत मिळायचा. ओल्या, माशाच्या वासाच्या, कोपरे कुरतडलेल्या. मुकादम थुंकी लावून मोजायचा. आई त्या चिमटीत धरून दोरीवर वाळत घालायची आणि मग हात धुवायची.

गोरे गेले. जुन्या नोटा बदलून घ्या, नाहीतर कागद होतील असं जाहीर झालं. सगळा गाव रांगेत. आमचं लग्न नुकतंच झालेलं. नवरदेव रांगेत उभा राहून आला आणि एक नोट तशीच परत घेऊन आला. म्हणे, ही आता पुन्हा कधी छापणार नाहीत. घरात तेलाचा थेंब नव्हता. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता तीच घाण प्लास्टिकच्या पाकिटात. चिमट्याने उचलायची, भिंगातून बघायची. जिला लोकांनी थुंकी लावली तिच्यावर श्वास सोडायचा नाही. शिसारी येते मला. त्या राजाचा चेहरा मी माझ्या सासऱ्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलाय.

११ फेब्रुवारी

मुलगा आला. बूट न काढताच आत. हातमोज्यांवाला नोटांच्या सगळ्या पेट्या एकदम घ्यायला तयार आहे म्हणाला. बोलणं झालंय. महिनाअखेरीला कागद घेऊन येणार.

मी म्हटलं, ज्याच्या आहेत त्याला विचारलंस?

"विचारलं की. बाबा हो म्हणाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्यासमोर ह्यांना विचारलं, अहो, हा तुमचा मुलगा म्हणजे घोडा आहे का? हो. मुलगा म्हणाला, आई, प्रत्येक गोष्टीची थट्टा करू नकोस. थट्टा मी करतेय होय!

मग म्हणाला, तुला तर त्या नोटा डोळ्यांसमोर नको असतात. खरंच आहे. उद्या वाळवी लागली तर मी वाळवीला पाट मांडेन. पण हा माणूस जिवंत आहे, खुर्चीत बसलाय, आणि त्याच्या तोंडातल्या एकुलत्या एक शब्दावर दोघं मिळून दरोडा घालतायत. हे मला बघवत नाही.

तेव्हा महिनाअखेरीच्या आत ह्यांच्या तोंडात 'नाही' परत आला पाहिजे. बाकी शब्द येवोत न येवोत.

१३ फेब्रुवारी

बोलवणाऱ्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, आवडीच्या वस्तू दाखवा, मुद्दाम चुकीचं विचारा, आणि वाट बघा. "आजी, एक मात्र करा. त्यांच्या आधी तुम्ही उत्तर देऊ नका."

मी म्हटलं, मी कुठे देते?

खुर्चीतून आवाज आला — हो.

१५ फेब्रुवारी

कुलूप काढलं. नोटांच्या खोलीत पाऊल टाकलं की उंदराच्या बिळात शिरल्यासारखं वाटतं. एक पेटी बाहेर आणली, मांडीवर टॉवेल अंथरला, ह्यांच्यासमोर एकेक नोट धरली. एकची नोट दाखवून विचारलं, ही हजाराची ना? हो. राजा दाखवून विचारलं, ही राणी ना? हो. पण डोळे बघायला हवे होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जागे डोळे. माझ्या तोंडाकडे तसं कधी बघितल्याचं आठवत नाही.

१६ फेब्रुवारी

हो. हो. हो. माझं डोकं उठलंय.

१८ फेब्रुवारी

हातमोज्यांवाला ज्या नोटेसाठी लाळ गाळतो ती आज सापडली. शेवटच्या पेटीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. मी ती घेऊन बसले होते तेवढ्यात तो आलाच. वास येतो त्याला. मग साखर पेरत मला समजावलं. म्हणे त्या मुलखात एक साहेब तिजोरीचा अधिकारी होऊन आला, खुर्चीत बसला आणि लगेच तापाने मेला. त्याच्या सहीच्या नोटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. म्हणून हिला मोल. "साहेब जगला असता ना आजी, तर ही नोट कवडीची झाली असती."

हे सांगताना तो हसत होता. मेलेल्या माणसाच्या नावाने असं खुशीत हसताना मी फक्त गिधाडं पाहिलीत, आणि तीही हसत नाहीत.

त्याच तापाच्या साथीत माझा धाकटा भाऊ गेला. त्याच्या सहीला कोणी मोल दिलं नाही. त्याला सही येतच नव्हती.

बाहेर जाताना त्याने हातमोजे काढून खिशात कोंबले. मी दाराची कडी फडक्याने पुसली.

२० फेब्रुवारी

आज जे केलं ते करायची इच्छा मला लग्नापासून होती.

पेटीत एकसारख्या नोटांची एक थप्पी आहे. त्यातली एक काढली. कोमट पाण्यात साबणाचा चुरा कालवला आणि राजाला आत बुडवलं. अंगठ्याने चोळलं. काय मळ निघाला! पाणी गटारासारखं झालं. मग भाताची पेज लावली, फडक्यात गुंडाळून इस्त्री फिरवली. नोट अशी चकचकीत झाली की राजाला स्वतःची ओळख पटली नसती.

चोर दलाल असंच करतात, हे ह्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. धुतलेली नोट नुसत्या आवाजावरून ओळखता न येणाऱ्याने ह्या धंद्यात येऊ नये असं म्हणायचे. नाकाने कांदे सोलत म्हणायचे.

२१ फेब्रुवारी

आला! शब्द आला!

सकाळी चहा झाल्यावर ती इस्त्रीची नोट समोर धरली. म्हटलं, कोरी आहे, बघा कशी कडक. ह्यांनी डावा हात पुढे केला. नोट घेतली. कानाशी नेली. हलवली.  मी गप्प राहिले, खरंच गप्प राहिले, जीभ चावून.

नोट कानाशीच. चेहरा असा झाला जसा आंबलेलं दूध तोंडात गेल्यावर होतो. आणि मग, जुन्या घोगऱ्या, कुजक्या आवाजात — "नाही."

नोट माझ्या अंगावर फेकली.

माझ्या अख्ख्या संसारात ह्या शब्दाचा मला इतका आनंद झाला नव्हता. पदर तोंडात कोंबून आत गेले. रडले बिडले नाही. सदऱ्याला फिरवत होते ती इस्त्री चालूच राहिली होती, ती बंद केली.

२३ फेब्रुवारी

बोलवणारी मुलगी खूश. पण म्हणाली, शब्द येतात-जातात, भरवसा धरू नका. हे काल औषधाला नाही म्हणाले. आज मुलाच्या फोनला नाही म्हणाले. बरोबर जागी म्हणाले. भरवसा धरायचा नाही तर काय धरायचं?

२६ फेब्रुवारी

लिहायला हात होत नाही. लिहिते.

सगळे आले. मुलगा, हातमोज्यांवाला, आणि साक्षीला खालच्या मजल्यावरचा शिंपी. शिंपी बिचारा सारखी घड्याळाकडे नजर टाकत होता. मी ह्यांना स्वच्छ सदरा घातला होता, भांग पाडला होता. मनात म्हणत होते, आता बघा रे तुमची तोंडं कशी पडतात ती.

हातमोज्यांवाला ह्यांच्यासमोर वाकला. "काका, सगळ्या पेट्या मला देताय ना?"

"हो."

मी म्हटलं थांबा, माझ्यासमोर पुन्हा विचारा. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा हो. मग मी उलटं विचारलं, अहो, नोटा आपल्याकडेच ठेवायच्या ना? माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. आवाज आला नाही. डोळे मिटून घेतले.

मुलगा म्हणाला, आई, आता पुरे, किती छळशील त्यांना. शिंप्याने सही केली. पेट्या बाहेर गेल्या. हातमोज्यांवाल्याने जाताना त्या मेलेल्या साहेबाची नोट उजेडात धरून पाहिली आणि जिभेने ओठ ओले केले. 

ऐन वेळी घात केला ह्यांनी. घाबरले असणार. चार माणसं अंगावर आल्यावर सापडलेला शब्द पण पळतो. मला दिसत होतं ना, ओठ हलत होते. 'ठेवा' म्हणायचं होतं त्यांना.

२७ फेब्रुवारी

मुलाचं मन त्याला खातंय वाटतं. सकाळीच आला, रिकाम्या खोलीच्या खिडकीवरच्या फळ्या उपटल्या. नोटांचे रंग उडतात म्हणून ह्यांनी ती खिडकी कधीची बंद करून टाकली होती. ह्यांची खाट बाहेरच्या खोलीतून उचलून तिथे लावली. म्हणाला, बाबांना ऊन मिळेल, रस्ता दिसेल. मी त्याच्याशी बोलले नाही. आधी घर लुटायचं आणि मग ऊन आणून द्यायचं. ऊन काय ह्याच्या बापाचं आहे?

हे दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून होते. जेवताना पण तोंड फिरवेनात. दुःखाने, दुसरं काय.

२ मार्च

हातमोज्यांवाल्याचं दुकान बघून आले. काचेखाली नोटा, वर दिवे. मेलेल्या माणसाला दर्शनाला ठेवतात तशा. आत एक गिऱ्हाईक बसलं होतं, चांगलं पैसेवालं दिसणारं. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले आणि मोठ्याने सांगायला लागले — हा माणूस बोलता न येणाऱ्याकडून कसा हो म्हणवून घेतो ते. गिऱ्हाईक उठून गेलं. दुसरं आलं. त्यालाही सांगितलं.

हातमोज्यांवाला हात जोडायला लागला. म्हणाला, आजी, मी दोनदा विचारलं, तुम्ही समोर होतात. मी म्हटलं, असेन. आता रोज इथेही असेन. डबा घेऊन येईन. पाय इथे पसरेन.

शेवटी म्हणाला, "घेऊन जा तुमचा कचरा. मुलाला सांगा, व्यवहार मोडला. पण पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नका."

मी म्हटलं, तुझ्या दारात पाऊल टाकायला मला काय गटार कमी पडलंय?

पेट्या टेम्पोतून घरी आल्या. कमरेचा पार भुगा झालाय. पण त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

३ मार्च

सुताराला बोलावलं. नोटा पुन्हा खोलीत ठेवायच्या म्हणजे खिडकी बंद करायला हवी, खाट बाहेर आणायला हवी. त्याने पहिली फळी खिडकीला लावली तशी आतून "नाही" आलं.

मला वाटलं, नोटा आल्यात हे ह्यांना कळलंच नसेल. पेटी उघडून पुढ्यात धरली, साहेबाच्या सहीची ती नोट सगळ्यात वर.

डाव्या हाताने पेटी ढकलली. जोरात.

"नाही." मग माझ्याकडे बघत, एकेक अक्षर ओढून काढल्यासारखं — "दिल्या. मी."

सुताराला चहा दिला आणि वाटेला लावलं. पेट्या दाराशी पडल्यात. उद्या मलाच त्या दुकानात जावं लागणार.