विहीर आमच्यात, रस्ता त्यांच्यात

२ डिसेंबर, सोमवार

पुसदहून आत्ताच परतले. वकीलबाईंकडे अर्जावर सही करून आले — माझी, कारण शेत माझ्या नावावर. भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, अक्षयच्या मोठ्या भावानं, त्यांच्या वावरातून जाणारा आमचा रस्ता नांगरून टाकलाय. कापूस फुटून उभा आणि गाडी आत जात नाही. त्यात आभाळ आलंय. पाऊस पडला तर सगळा कापूस मातीत जाईल. जेवण गेलं नाही.

वकीलबाई, प्रेरणाबाई, म्हणाल्या, "ताई, मनाई हुकूम मागितला की मिळतोच असं नाही. कोर्ट दोघांकडचा न्याय पाहून देतं. मागणाऱ्याचे हात स्वच्छ पाहिजेत." मी म्हटलं, स्वच्छच आहेत. तसं प्रतिज्ञापत्रही केलं — आमचा काही दोष नसताना रस्ता अडवला. अक्षय शेजारी मोबाईल बघत बसला होता.

३ डिसेंबर

पुन्हा आभाळ. झोप नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

चक्कीवर कोकिळाताई भेटल्या, माझ्या थोरल्या जाऊबाई. मी तोंड फिरवलं, पण त्यांनी गाठलंच. "रस्ता मांगून राह्यली तू. अन् आमचं पानी?"

कुठलं पाणी?

"तुले माहीतच नाही? दिवाळीपासून तुह्या नवऱ्यानं आमचा पाइप काढून ठेवला. हरभरा वाळून राह्यला आमचा. मंग आमी रस्ता काहून द्यावा?"

दळण तिथंच ठेवून घरी आले. वाटणीत विहीर आमच्याकडे आली आणि रस्ता त्यांच्याकडे गेला. मामंजींनी तेव्हाच सांगून ठेवलेलं — धाकट्यानं पाणी द्यायचं, थोरल्यानं वाट. कागद केला नाही, कुणाला गरजही वाटली नाही. म्हणजे आधी आम्ही मोडलं! आणि मी शपथेवर काय सांगून बसले?

संध्याकाळी अक्षयला विचारलं. "भाऊनं भर पंगतीत माही अक्कल काढली," म्हणे. म्हणून पाणी बंद? "विहीर आपली हाय. सातबारा पाय." खोटं बोलत नाहीये तो. विहीर आमचीच आहे. म्हणूनच मला जास्त भीती वाटतेय, कारण तसा रस्ताही त्यांचाच आहे.

७ डिसेंबर, शनिवार

प्रेरणाबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लपवलं आणि नंतर कळलं, तर अर्ज गेलाच समजा. सांगितलं तरी जाऊ शकतो. पण तुम्हाला न्याय हवा ना? मग आधी तुम्ही करा. पाणी सोडा."

मोटारीच्या खोलीची किल्ली अक्षयच्या खिशात. मागितली तर म्हणाला, "तू कोनाकून हाय?" मी म्हटलं, कापसाकडून. तेवढंच सुचलं. खरं तर राग आलाय मला त्याचा, खूप. सही करताना शेजारी बसला होता आणि एक शब्द बोलला नाही. चूल पेटवताना भांडी आपटली, त्यानं काय होणार?

रात्री थेंब पडले. थोडेच. पण उठून ओसरीत बसले.

९ डिसेंबर, सोमवार

कोर्ट. नवं प्रतिज्ञापत्र दिलं — पाणी आम्ही बंद केलं, हे त्यात लिहिलं. भासऱ्यांच्या वकिलानं ते वाचून दाखवलं तेव्हा कान गरम झाले. भासरे समोरच उभे होते, दाढी वाढलेली. वर पाहिलं नाही.

जजसाहेबांनी थेट मलाच विचारलं, "पाणी देणार का?" मी अक्षयकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. म्हटलं, देते, उद्या सकाळपासून.

हुकूम मिळाला. त्यांनी वाट द्यायची, आम्ही पाणी. बाहेर आल्यावर मला रडूच आलं. प्रेरणाबाई म्हणाल्या, वाचलात. घरी आल्यावर अक्षयनं किल्ली ओट्यावर ठेवली आणि बाहेर निघून गेला.

१० डिसेंबर

सकाळी पाइप जोडून मोटार सुरू केली. पाणी धुऱ्यापलीकडे, बांधापल्याड त्यांच्या वावरात गेलं, पण वळवायला कुणीच आलं नाही. म्हणून पाहायला गेले. हरभरा कधीच वाळून गेलेला. भासऱ्यांनी काल संध्याकाळीच तो वखरून टाकला आणि तिथून आमच्या गाडीला वाट काढून दिली. दुपारी कापूस त्यावरूनच घरी आला.