काठीला उत्तर

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

देवाच्या कृपेने सर्व ठीक. दारापासून फाटकापर्यंतची काँक्रीटची वाट मध्येच खचली होती, ते तुला ठाऊकच आहे. सासूबाईंना आता उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नाही. गेल्या महिन्यात तिथेच अडखळल्या, थोडक्यात निभावलं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे सगळं उखडून नवं करायचं म्हणजे केवढा पसारा आणि केवढा खर्च! म्हणून ह्यांनी गारा भरणारे बोलावले. वाटेला भोकं पाडून खाली मातीसिमेंटचा पातळ गारा पंपाने कोंबतात. झोपलेल्याच्या मानेखाली उशी सरकवावी तशी वाट हळूच वर आली. आता ती आरशासारखी सपाट आहे. बुजवलेल्या भोकांची ठिगळं तेवढी देवीच्या व्रणांसारखी दिसतात.

एकच नवल. टाकी संपली तरी गारा आत मावतच होता. तुमच्या वाटेचं पोट मोठं आहे, असं मुकादम म्हणाला. आम्ही हसलो.

लोभ आहे तो वाढव, त्याला पैसे पडत नाहीत.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काटकसरीत तुझा हात कोणी धरणार नाही. पण मी दिवसभर नळाच्या पाइपांशी भांडणारा माणूस, तेव्हा थोडं ऐक. वाट खचली ती खालची माती कुठेतरी गेली म्हणून. ती का गेली हे न बघता गारा भरणं म्हणजे आजाऱ्याला औषध न देता नवं पांघरूण घालणं. पाइप गळत असेल तर मातीपाठोपाठ पाणी गाराही नेईल. शिवाय गारा जड. पोकळ जमिनीवर आणखी ओझं. सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का ते भावोजींना बघायला सांग.

लोभ असावा, आणि एकदा तरी माझं ऐकावं.

धाकटा

ता. १९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मीटर अगदी हळू फिरतो. कुठल्यातरी नळाचं वायसर गेलं असेल, बघू सवडीने, असं हे म्हणाले.

लिहायचं ते वेगळंच. सासूबाई रोज सकाळी नामस्मरण करत, काठी टेकत फाटकापर्यंत जातात. वाट हल्ली बंद दारासारखी वाजते, असं त्या म्हणत होत्या. परवा म्हणाल्या, की काठी आपटली की खालून उत्तर येतं. कोण देणार उत्तर, म्हणून मी विचारलं. ते त्यांना ठाऊक नाही, पण आहे मोठं अदबशीर; आधी लगेच द्यायचं, आता विचार करून देतं.

आज मी त्यांच्याबरोबर गेले. काठी वाजली. काहीच नाही. आता सासूबाईंची थट्टा करावी म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात खालून हलकेच आलं: थप्. वाट मात्र तशीच सपाट, केसाचा फरक नाही. घरात येऊन देवापुढे बसले, तर समईतलं तेल एका कडेला जमलेलं.

हसू नकोस. लोभ कमी करू नकोस.

ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस न. वि. वि.

घाईत लिहितोय. ते उत्तर नाही, ताई. काठीच्या धक्क्याने वाटेच्या पोटाला चिकटलेला गारा सुटून खाली पडतो, त्याचा तो आवाज. उशिरा येतो, कारण तळ खोल गेलाय. सपाट दिसते म्हणून भरवसा ठेवू नका. ती आता वाट नाही, झाकण आहे. सासूबाईंना त्यावर पाऊल टाकू देऊ नका. मागच्या दाराने ये-जा करा, पाण्याचा मुख्य नळ बंद करा. आणि तेल कोणत्या कडेला जमतं ते नीट बघ.

धाकटा

ता. ३० मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र टपालवाला त्याच वाटेवरून चालत येऊन देऊन गेला. वाचल्यावर मुख्य नळ बंद केला, फाटकाला दोरी बांधली. सासूबाई रुसल्या. खालचा बिचारा एकटा पडेल, म्हणतात.

आज सकाळी त्या देवघरात बसायला आल्या. बसताना काठी जमिनीवर टेकली आणि सवयीने थांबल्या. इथे घर आहे, इथे कोण बोलणार, असं मी म्हणत होते, तर त्यांनी मला हाताने गप्प केलं. हे दाढी करता करता दारात येऊन उभे राहिले होते. तिघांनीही ऐकलं.

तेल फाटकाच्या कडेला जमत नाही रे. आमच्या झोपायच्या खोलीच्या कडेला जमतं.

देव पिशवीत घेतलेत. सासूबाईंनी काठी उचलून छातीशी धरली आहे, टेकत नाहीत. हे पत्र पेटीत टाकून आम्ही तसेच गाडी पकडतो. तीन अंथरुणं घालून ठेव.

लोभ असू दे. आमची वाट बघ. इथली बघायला येऊ नकोस.

तुझी ताई