मार खाऊन माझं काय बिघडलं?

३० जानेवारी, रविवार
निश्चय. २१ मार्चपासून आपल्या वेल्समध्ये स्वतःच्या पोराला चापट मारणं गुन्हा ठरणार. स्वतःचं कुत्रं ज्यांना आवरत नाही, ते कार्डिफच्या सरकारातले साहेब आता आम्हाला पोरं वाढवायला शिकवणार. मी, इद्रिस प्रॉसर, हे चालू देणार नाही. मामने, म्हणजे माझ्या आईने, मला यथेच्छ बडवलं. तिचा डावा हात गावाला माहीत होता. माझं काय बिघडलं? काही नाही. भाषण लिहायला घेतलं.

५ फेब्रुवारी, शनिवार
कादी आली. माझ्या मुलीची, नेरिसची लेक, सहा वर्षांची, शनिवारी माझ्याकडे असते. तादकी, तादकी करत मागे फिरते. आजोबांना आमच्याकडे तादकी म्हणतात. आठवड्यात दिवस म्हणावा असा हाच. दोघांनी तव्यावर केक भाजले. मी कोळसे आणायला गेलो, तेवढ्यात तिने भाषणावर खडूने मेंढ्या काढल्या. मेंढ्या बऱ्या होत्या, पण प्रश्न तत्त्वाचा.
मारलं वगैरे नाही. गालाजवळची हवा हलली इतकंच. आवाज झाला तो बहुधा टेबलाचा.

६ फेब्रुवारी
नेरिसचा फोन. टेबलाचं ऐकूनच घेईना. म्हणाली, डॅड, त्यांचा कायदा मार्चमध्ये येईल, माझा आजपासून. कादी यापुढे तुमच्याकडे एकटी येणार नाही. मी म्हणालो, तुलाही दिल्यात की दोन-चार, तुझं काय बिघडलं? तिने फोन आपटला. लहानपणी कमी पडल्या, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी, शनिवार
सह्यांची मोहीम. चौकात टेबल मांडलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आज रग्बीची मॅच आहे हे कुणी सांगायला नको? सही एकच मिळाली. शेजाऱ्याच्या पाहुण्याची. तो स्कॉटलंडचा निघाला, तिकडे हा कायदा आधीपासूनच आहे. सही मोठ्या अक्षरात केली म्हणून ठेवली.
केक एकट्याने भाजले. करपले. याला सरकार जबाबदार.

२० फेब्रुवारी
१ मार्चला सेंट डेव्हिडचा दिवस, वेल्सचा सण, चॅपलच्या हॉलमध्ये गावजेवण. व्यवस्था एलुनेडबाईंकडे. बोलायची परवानगी मिळाली. बाई म्हणाल्या, खुशाल बोला, फक्त रस्सा गार व्हायच्या आत आटपा.
प्लॅन असा: माम पहिल्या रांगेत. वय पंच्याऐंशी, जिवंत पुरावा. नेरिस ऐकेल, विरघळेल, रडेल. मी मोठ्या मनाने माफ करीन. शनिवार परत.
मामला सांगितलं, तू पुरावा आहेस. ती म्हणाली, असेन बाबा, पण रश्श्यात मटण असतं ना, की नुसते बटाटेच?

२६ फेब्रुवारी, शनिवार
आरशासमोर तालीम. आरसा पूर्ण सहमत. कादी आली नाही. जमिनीवर खडूचा तुकडा सापडला. तो फेकला नाही, उगाच.

१ मार्च, मंगळवार
हॉल भरलेला. कोटावर डॅफोडिल लावून उभा राहिलो. नेरिस मागे, कादी तिच्या मांडीवर, या सणाला शाळेत मुली घालतात ती काळी उंच टोपी घालून. सुरुवात झकास. म्हणालो, बघा या माणसाकडे. मार खाऊन वाढला. भितो का कुणाला?
तेवढ्यात माम उठली. माझं डॅफोडिल मान टाकून लोंबत होतं आणि आजच्या दिवशी वाकडं फूल तिला खपत नाही. काठी टेकत पुढे आली. फूल सरळ करायला डावा हात वर नेला.
पुढचं नीट आठवत नाही. मी खाली बसलेलो, दोन्ही हात कानांवर, डोळे मिटलेले. आधी हॉल हसला. मग हसायचा थांबला.
मामचा हात तसाच वर. म्हणाली, इद्रिस, मी फूल सरळ करत होते रे.
रस्सा वाढला. मटण होतं. माम जेवली नाही.

२ मार्च
पाय घसरला, असं लिहायचं ठरवलं होतं.
दुपारी नेरिस आली, कादीला घेऊन. दारातच उभी राहिली. कादी बराच वेळ तिच्या कोटाआड होती. मग पुढे आली, पण हात पुरणार नाही इतक्या अंतरावर थांबली. विचारलं, तादकी, तुलाही तसं होतं? कुणाचा हात वर गेला की?
टेबलाचं सांगणार होतो.
हो म्हणालो.