टोकनं पुसली गेली ती सकाळ

आई, आज जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तुला लिहायला बसलोय. निशातगंजचं ऑफिस, दुसरा मजला, खाली भाजीवाल्यांचा गलका. तू गेलीस तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो, आणि मी नेमकं काय करतो असं शेजारणींनी विचारलं की तू "कंप्युटरमधलं काहीतरी" म्हणून मोकळी व्हायचीस. आज त्यातलं थोडं तुला ऐकावं लागेल, कारण घोळ तिथंच झालाय.

आम्ही एका हॉस्पिटलच्या रांगेचं काम बघतो. पेशंट सकाळी खिडकीवर नाव सांगतो, त्याला टोकन मिळतं, मग भिंतीवरच्या स्क्रीनवर नंबर पुढे सरकत राहतात. कोणाचा नंबर कितवा हे यंत्राला सारखं लागतं, म्हणून ते पटकन हाताशी येईल अशा तात्पुरत्या जागेत ठेवतात. तिला कॅश म्हणतात, पैशांची नव्हे. कपाटातल्या मोठ्या डब्यांतलं थोडं थोडं तू ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यात काढून ठेवायचीस, तसलं काहीतरी. ही जागा आम्ही क्लाउडवर भाड्यानं घेतलेली. मशीन त्यांचं, देखभाल त्यांची, म्हणून तिला 'मॅनेज्ड' म्हणतात; आपण लहान-मोठं करायचं बटण दाबायचं. काही महिन्यांपूर्वी गर्दी वाढली, जागा पुरेना, म्हणून मी ती मोठी करायची ठरवलं.

बटणाच्या वर सगळं लिहिलेलं होतं. दोन प्रती असलेला प्रकार घेतला असेल तर एक प्रत काम करत राहते, क्षणभर अडखळतं आणि पुन्हा सुरू होतं. आमचा साधा, एका प्रतीचा. त्यात मोठं करताना सेवा काही मिनिटं बंद राहणार आणि आतलं सगळं पुसलं जाणार. मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, आई. मनात म्हटलं, मुख्य डेटाबेसातून, म्हणजे त्या कपाटातल्या डब्यांतून, परत भरेल की. पण टोकनं मुख्य डेटाबेसात कधी गेलीच नव्हती. मीच एकदा घाईत सांगितलं होतं, "अभी इसी में रख दो, बाद में देखेंगे."

जिला सांगितलं ती मुलगी तेलीबागहून यायची. आमच्यातली सगळ्यात नेटकी, तुला आवडली असती. त्या सकाळी साडेदहाला ती माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाली, "सर, टोकन भी इसी में हैं. ओपीडी ख़त्म होने दें?" मी मान न वळवता म्हणालो, "अरे यार, मैनेज्ड है, कुछ नहीं होता." आणि दाबलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! काही मिनिटांत कॅश परत आली, चांगली ऐसपैस आणि साफ रिकामी. खिडकीवर पुन्हा एक नंबरपासून टोकनं निघायला लागली.

मी स्कूटर काढून हॉस्पिटलात गेलो. एकेका नंबरच्या दोन-दोन पर्च्या, म्हणजे टोकनाच्या चिठ्ठ्या, आणि नुसती हातघाई चाललेली. जे पुढे घुसले त्यांना नवी टोकनं मिळाली. जे आपली पर्ची आहे म्हणून निवांत बसले, ते बसूनच राहिले. सीतापूरकडच्या एक बाई पहाटेच्या बसनं नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. त्याचे पाय सुजलेले, चप्पल हातात. "भैया, हमारा ग्यारह है, पर्ची देख लो," त्या मला म्हणाल्या, कारण माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं. पण नवा अकरा नंबर केव्हाच आत जाऊन आला होता. दोन वाजता डॉक्टर उठले. बाई नवऱ्याला आधार देत म्हणाल्या, "चलो, कल फिर आ जाएँगे." हे माझ्यामुळे झालं असं मी त्यांना सांगितलं नाही. वर पाण्याची बाटली आणून दिली आणि त्यांनी मला दुवा दिली.

तुझी पद्धत मला चांगली आठवते. तू नोकरीला होतीस त्या इन्स्टिट्यूटमधला एखादा डीप फ्रीझर बंद करायचा तर तू नोटीस लावून थांबायची नाहीस. वही घेऊन प्रत्येक लॅबच्या दारात जायचीस, "आपका कुछ है इसमें?" विचारायचीस आणि सही घ्यायचीस. सगळे तुला हसायचे, बाबासुद्धा. आणि माझ्या दहावीच्या सुट्टीत मी तुला मदत म्हणून घरचा फ्रिज बंद करून बर्फ काढला आणि खेळायला पळालो, तो मे महिना. खालच्या चाचींचं इन्सुलिन आत होतं. तू संध्याकाळी आलीस, इन्सुलिनला हात लावून पाहिलंस, ते गरम झालेलं. मी म्हणालो, ते चुकून झालं. तू म्हणालीस, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. फ्रिज आपला आहे, आतलं सगळं आपलं नाही. जा खाली, स्वतःच्या तोंडानं सांग." मी रडत जिना उतरलो. तेव्हा तुझा इतका राग आला होता की रात्री जेवलो नाही.

या वेळी जिना उतरायला लावणारं कोणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत साहेबांना कारण लेखी हवं होतं. मी लिहिलं, "टोकनं चुकीच्या जागी साठवली गेली होती." एकही शब्द खोटा नाही, बघ. साहेबांनी विचारलं, कोड किसने लिखा? मी तिचं नाव सांगितलं. ती दोन टेबलं पलीकडेच होती. तिनं वर पाहिलं. पुढे तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. जाताना "थैंक यू सर" म्हणाली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज सकाळी दुसऱ्या एका कंपनीचं पत्र आलंय. तिला घ्यायचा त्यांचा विचार आहे. ती आमच्याकडून का गेली, कामात काही गंभीर चूक झाली होती का, असं मला विचारलंय. संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. मी लिहिलं, की चूक माझी होती, तिनं आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. ते पाठवलं. साहेबांनाही त्याची प्रत पाठवली. आता जे व्हायचं ते होऊ दे.

पण एक राहिलंच. हे सगळं खरं तर तिला सांगायला हवं. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, दोनदा काढला आणि फोन ठेवून दिला. तुला लिहीत बसलो, कारण तू उचलणार नाहीस.