बिनऑक्सिजनचा ठोसा

३ तारीख. सकाळी ६.१०
ठरलं. साडूचं तोंड फोडायचं.

चार महिने गिळून बसलो होतो. सासूबाईंच्या वाढदिवसाला त्याने सगळ्यांदेखत माझे पुढचे दोन दात पाडले. मी एवढंच म्हणालो होतो, की बॉक्सिंगचा क्लास काढायला डोकं लागत नाही. त्याने एकच दिली. मी थेट केकवर. दातांचं जाऊ दे, नवे बसवले. पण माझी एकोणीस वर्षांची मुलगी समोर उभी होती. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही, आणि वर त्याच माणसाच्या क्लासला जाते! बापाला मारणाऱ्याची शिष्या. तिच्यासमोरच त्याला आडवा करणार.

साडूला फोन केला. त्याच्याच रिंगमध्ये, दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, ३० तारखेला. तो हसला. हस लेका.

५ तारीख
त्याच्याकडे दंड आहेत, माझ्याकडे विज्ञान. बावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्तातलं लॅक्टेट मोजतो. ऑक्सिजन पुरेनासा झाला की पेशी साखर अर्धवटच फोडतात आणि झटपट ताकद काढतात. मागे उरतं ते लॅक्टेट. म्हणजे लॅक्टेट जास्त, तर बिनऑक्सिजनचं इंजिन दणकट. साडू श्वास घेत बसेल, तोवर मी त्याचा चेंदामेंदा करीन.
संकल्प: रोज पहाटे श्वास रोखून गादीला दोनशे ठोसे. रोज स्वतःचं रक्त तपासणे.
आजचा आकडा १.२. किरकोळ.

६ तारीख
अकरा ठोसे. गादीतली स्प्रिंग बाहेर आली आणि मनगटात घुसली. चादरभर रक्त. बायकोने विचारलं, पलंगाने तुमचं काय घोडं मारलंय? बारावा ठोसा मारून दाखवणार होतो. तेवढा दमच नव्हता.

११ तारीख. दुपारी
आकडा ३.९!! आता रक्त पहाटे घरीच काढतो. एकट्याने काढायचं म्हणजे दंडाचा पट्टा दातांनी आवळावा लागतो, मूठ गच्च दाबून शीर शोधण्यात पाच मिनिटं जातात. मग ट्यूब खिशात. काम आटपलं की मशीनवर. वॉर्डातल्या नर्सने असं केलं असतं तर मी तिला फाडून खाल्लं असतं: पट्टा आवळून ठेवू नका, मूठ दाबायला लावू नका, ट्यूब बर्फात आणा. पण ते नियम आजाऱ्यांसाठी. मी धडधाकट आहे.

१५ तारीख
आयसीयूतल्या एकाचं लॅक्टेट नऊ. शॉकमध्ये होता, पेशींना रक्तच पोचत नव्हतं. दुपारी गेला बिचारा. वाईट वाटलं. अर्थात, त्याने तयारी केली नव्हती.
कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी तर ऑक्सिजन समोर असतानाही साखर अर्धवट फोडण्याचा हाच धंदा करतात. आणि कशा माजतात! घेण्यासारखं आहे.

१९ तारीख
जिवंत माणसावर सराव हवा. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला उशी धरायला सांगितली. उशी चुकली, त्याचा जबडा सापडला. मी लगेच माफी मागितली. त्याने माफ केलं आणि मग एक ठेवून दिली. डावा डोळा बंद. उजव्या डोळ्याने आकडा वाचला: ५.२. प्रगती आहे.

२४ तारीख
आकडा ६.१. लॅबच्या डॉक्टर मॅडमच्या हाती कागद लागला. कोण पेशंट, म्हणून घाबरल्या. मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी विचारलं, ट्यूब किती वेळ खिशात होती? सात तास. मग व्यायाम तुमच्या खिशाने केलाय, म्हणाल्या. तांबड्या पेशी ट्यूबमध्येही साखर खात बसतात, त्यांना ऑक्सिजन लागतच नाही. शिवाय कसलेल्या खेळाडूचं लॅक्टेट तेवढ्याच मेहनतीला कमी चढतं, जास्त नाही.
मॅडमनी आयुष्यात कधी कोणाला मारलेलं नाही. त्यांना काय कळणार?

२९ तारीख
जेवताना मुलगी पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली, बाबा, उद्या जाऊ नका. तिच्या बोटांची सालं निघालेली दिसली. मी म्हणालो, काकांचा एवढा पुळका? ताट सारून उठली. उद्या कळेल तिला, बाप काय चीज आहे ते.

३० तारीख. सकाळी
आज साडूचं रक्त सांडणार.

३१ तारीख. हॉस्पिटल, डाव्या हाताने (उजव्याला सलाईन)
घंटा वाजली. मी श्वास रोखून तुटून पडलो. बावीस ठोसे. एकोणीस त्याच्या ग्लोव्हजवर, दोन हवेत, एक पंचाच्या कानावर. पंचाचा कान फाटला. मग हात उचलेनात. मांड्या पेटल्या. डोळ्यांपुढे अंधारी. साडू ओरडत होता, अरे श्वास घे, श्वास घे! मला वाटलं, डाव टाकतोय. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. तेव्हा त्याने मारलं. एक नाकावर, एक बरगडीत. दोन्ही मोडल्याचे आवाज मी स्वतः ऐकले. पुढचं आठवत नाही.

जाग आली तर शेजारच्या खाटेवर साडू! जबडा तारेने बांधलेला, एक डोळा सुजून गायब. छाती अभिमानाने फुगली. बरगडी मोडलेली असताना छाती फुगवू नये. बायकोला विचारलं, माझ्या कितव्या ठोशाला पडला?

ती म्हणाली, तुमच्या नाही. तुम्ही कोसळलात आणि मुलगी दोरांखालून आत शिरली. ग्लोव्हज न घालताच काकांना मारत सुटली. तिघांनी ओढलं तरी आवरेना. त्या क्लासला ती एवढ्यासाठीच जात होती, पहिल्या दिवसापासून. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं, म्हणून तुमच्याशी बोलणंच टाकलं होतं.

मी विचारलं, आधी डावा मारला की उजवा? बायकोने डोळे झाकून घेतले होते. साडूला विचारलं, त्याला तोंड उघडता येत नाही. मुलगी बाहेर बाकावर बसली आहे. झाल्या प्रकाराची लाज वाटते म्हणे, एक अक्षर सांगत नाही.

खूप रडलो. माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कोणाला एवढं बदडलं, माझ्यापासून दोन हातांवर, आणि मी पालथा पडलो होतो.