मशीन चालतंय

३ नोव्हेंबर, सोमवार

वरच्या ब्लॉकमध्ये भाडेकरू आले. मनस्विनी आणि अनिश. ती मूळची कोल्हापूरची, इथे फिशरीज कॉलेजात शिकवते. तो जयगडला पोर्टवर, शिफ्ट ड्यूटी. सभ्य जोडपं. आल्या आल्या मला काका आणि हेमाला काकू.

ब्लॉक फर्निश्ड दिलाय. फ्रीज, गीझर, वॉशिंग मशीन, सगळं 'चालू स्थितीत'. हे दोन शब्द करारात मी स्वतः घालून घेतले. हेमा म्हणाली, मशीन चालू स्थितीत होतं तर आपण दिवाळीत नवीन का घेतलं? बायकोला तांत्रिक बाबी समजावणं अवघड. जुनं बिघडलं म्हणून नवीन आलं नाही. नवीन आलं म्हणून जुनं वर गेलं.

संकल्प: आदर्श घरमालक व्हायचं. ऊठसूट वर जायचं नाही.

संध्याकाळी दोनदा वर जाऊन आलो. सगळं ठीक आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

मनस्विनी खाली आली. म्हणाली, "काका, मशीन चालतंय." मी म्हटलं, चालणारच, वस्तू जुनी आणि दणकट आहे. कोल्हापूरची माणसं खूश झाली की 'चालतंय की' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. कौतुक करून झालं तरी ती जाईना. चहा विचारला. मग म्हणाली, "तसं नव्हे हो काका. चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत येतंय. काल मी आत अडकता अडकता राहिले."

स्वयंपाकघरात हेमा हसली. मी हसलो नाही. घरमालकाने तक्रार गंभीरपणे ऐकावी. ऐकली. उद्याच बघतो म्हटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल जमलं नाही. आज पाहणी केली. स्पिन सुरू झालं की मशीन थरथरतं आणि पुढे सरकतं, हे खरं. फरशी उतरती असावी. पण ती मी स्वतः उभं राहून बसवून घेतली, तेव्हा फरशी नाही. मशीनही नाही, कारण आमच्याकडे असताना ते इतकं लांब कधी गेलं नव्हतं. उरले कपडे. हल्लीची मुलं जीन्स घालतात, ओली जीन्स म्हणजे केवढं वजन! जीन्स हाताने धुवा, असं मनस्विनीला सांगितलं. ती म्हणाली, आत दोन ओढण्या आहेत फक्त.

बरोबर. ओढण्या फार हलक्या. मशीनला थोडं वजन नको का?

अनिश म्हणाला, काका, मेकॅनिक बोलावू का, आमचं आम्ही बघतो. ठाम नकार दिला. वस्तू माझी, जबाबदारी माझी. पाटबंधारे खात्यात जन्म काढलाय, धरणं बघितली आहेत. (आवक-जावकच्या टेबलावरून. पण बघितली.)

९ नोव्हेंबर, रविवार

उपाय सापडला. वजन. कुंपणाचा एक जांभा चिरा उरला होता, तो जिन्याने वर नेला. मध्ये बऱ्याच वेळा बसलो. मशीनवर ठेवला. मनस्विनी म्हणाली, काका, पडेल हो. म्हटलं, अगो, या चिऱ्यावर अख्खी रत्नागिरी उभी आहे.

पडला. मशीन चिऱ्यासकट निघालं, दारापाशी थांबलं, आणि चिरा एकटाच पुढे गेला. फरशी फुटली.

एकच फुटली. शिवाय आता तिथे खळगा झालाय, त्यात मशीनचा पाय अडकेल आणि ते आपोआप थांबेल. मनस्विनीला हे समजावलं. ती केरसुणी आणायला गेली. पटलं असावं.

पाठ जरा धरली आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मशीन खळग्याला वळसा घालून जातं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज निर्णायक प्रयोग. निर्जीव वजन पडतं, जिवंत वजन तोल सांभाळतं. म्हणजे मी. व्यत्यय नको म्हणून बाथरूमचं दार लावून घेतलं, स्पिन सुरू केलं आणि मशीनवर मांडी घालून बसलो. सुरुवात फार छान झाली. मग मशीन माझ्यासकट दाराकडे निघालं.

दार आतल्या बाजूला उघडतं. मशीन दार आणि बेसिनच्या मध्ये पाचरीसारखं बसलं. वर मी. पाय टेकायला जागा नाही, पाठ वाकेना.

बाहेरून मनस्विनी म्हणाली, "काका, बरे आहात ना?" म्हटलं, निरीक्षण चालू आहे. स्पिन संपलं. निरीक्षण करण्यासारखं काही उरलं नाही. मग हेमाचा आवाज आला. "अहो, बाहेर या."

"येतो जरा वेळाने."

"जरा वेळाने म्हणजे कधी?"



नाइट शिफ्ट करून झोपलेल्या अनिशला उठवावं लागलं. त्याने फायबरचा दरवाजा तोडला. तिघांनी मिळून मला उतरवलं.

नोंद: दरवाजा भाडेकरूने तोडला आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन मागून उघडलं. आतला पट्टा काढला, पुसला, परत चढवला. काही स्क्रू उरले. कंपनीवाले जास्तीचेच घालत असणार. बटण दाबलं. मशीन जागचं हललं नाही!

मनस्विनीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "काका, आता हे सुरूच होत नाही." मी शांतपणे सांगितलं, तुमची तक्रार सरकण्याची होती, ती मिटली. सुरू न होणं ही नवीन तक्रार आहे, ती स्वतंत्रपणे घेऊ.

माणसांना समाधान नसतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दोघंही खाली आले. मिरजोळ्याला जागा बघितली आहे, महिनाअखेरीस ब्लॉक सोडतो, असं अनिशने सांगितलं. आवाज चढवला नाही. उलट, "काका, तुम्ही खूप केलंत," म्हणाला. मनस्विनी खाली मान घालून उभी. मी कराराबद्दल बोलायला सुरुवात केली. हेमाने मला हाताने थांबवलं. असं ती सहसा करत नाही.

ते गेल्यावर ती जेवली नाही. आमची अवनी लग्न करून कॅनडाला गेल्यापासून हेमाने संध्याकाळचं फिरणं सोडलं होतं. हल्ली मनस्विनी स्कूटरवरून तिला भाट्याच्या किनाऱ्यावर नेते. परवा दोघी फाटकापर्यंत हसत आल्या. कशाला हसताय विचारलं, तर सांगितलं नाही. (माझ्याबद्दल नसावं.)

झोपताना म्हणाली, "एका मशीनपायी माणसं घालवणार आहात का?" उत्तर तयार होतं. दिवा मालवला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वाचनालयातून परत आलो, तर आमचं नवीन मशीन जागेवर नाही. हेमाने अनिशकडून ते वर नेऊन घेतलं आणि जुनं अंगणात आणवलं. मला विचारलंसुद्धा नाही. भाडेकरू राहणार आहेत. मनस्विनीने तिला मिठी मारली म्हणे.

शांतपणे विचार केला तर हा माझाच विजय आहे. मी ताणून धरलं नसतं, तर इतकी चांगली तडजोड निघाली नसती.

आपल्या कपड्यांचं काय, असं विचारलं. हेमा म्हणाली, माझे मी वर लावते. तुमचे तुम्ही बघा, अंगणात तुमचं आहे ना एक.

संकल्प: उद्यापासून स्वतःचे कपडे हाताने धुवायचे. गांधीजी धूत असत.

२३ नोव्हेंबर, रविवार

अर्धी चादर धुतली. पाठ पूर्ण धरली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बादली घेऊन वर गेलो. मशीन तसं माझंच आहे. मनस्विनीने हसून दार उघडलं, बसवलं, चहा दिला, पाठीची चौकशी केली. मग अगदी मायेने सांगितलं की मशीनचे वार ठरले आहेत. सोमवार, गुरुवार त्यांचे. बुधवार काकूंचा. माझा शनिवार. कपडे मी दारात ठेवायचे, मशीनला ती लावेल. मी बटणांना हात लावायचा नाही. "काकूंनीच सांगितलंय हो," म्हणाली.

फार आदराने बोलते मुलगी. बादली घेऊन खाली आलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दूध आणायला निघालो, तर स्वच्छ असं काही शिल्लक नाही. शनिवार लांब आहे. कपाटात अवनीच्या लग्नात शिवलेला सूट होता. घातला. टाय बांधला नाही, उगीच लोकांच्या डोळ्यावर येतं.

दुधाच्या दुकानात गर्दी होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. निलेशने पिशवी देता देता विचारलं, "काका, आज कुणाकडे कार्य?"

"घरचंच आहे," म्हटलं, आणि घाम पुसला.